जेमायमाने निवडलेला पट्टा

जेमायमा सकाकीपच्या दारात माणूस आला की त्याचं काहीतरी बंद पडलेलं असणार, हे ठरलेलं. फोन लागत नाही, शाळेतलं इंटरनेट गेलं, दवाखान्यातला वायरलेस खरखरतो. सगळं सुरळीत असलं की तिचं नाव कोणी काढत नसे. वस्तीच्या कौन्सिलने तिला पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली दिली होती. तिथे ती, चार पडदे आणि चहाची किटली. ती कुरकुर करत नसे. कुरकुर करणाऱ्याला उत्तरेकडच्या या आमच्या वस्तीत एकच उत्तर मिळतं : मग जा दक्षिणेला, शहरात. ती जाऊन आली होती. थंडर बे शहरात राहून रेडिओ लहरींचं शिक्षण घेतलं आणि कागद हातात पडताच पहिल्या विमानाने परत आली. का आली, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी 'मामासाठी' असं तिने मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

मामा म्हणजे तायटस. जेमायमाची आई शहरातल्या दवाखान्यात गेली ती पेटीतून परत आली. पोर तेव्हा सहा वर्षांची होती. तायटसने तिला जवळ घेऊन कुरवाळलं वगैरे नाही. तो त्याचा स्वभावच नव्हता. त्याने तिला तळ्यावर नेलं, हातात गिरमिट दिलं आणि बर्फाला भोक पाडायला लावलं. मग म्हणाला, "आत बघ. काय रंग आहे?"

"काळा."

"काळा म्हणजे नितळ. हा बर्फ खरा. पांढरा दिसला तर तो हिम भिजून गोठलेला, त्याची ताकद निम्मी. आणि करडा दिसला तर विचार करायला थांबायचं नाही, आल्या पावली मागे."

मायेचं म्हणून तो तिच्याशी जे काही बोलला ते एवढंच. तिला ते पुरलं, असं ती म्हणायची. मला तसं वाटत नाही.

तायटस हिवाळी रस्त्याचा मुकादम होता. उन्हाळ्यात आमच्याकडे विमानाशिवाय कोणी येत नाही, खाली सगळी दलदल आणि तळी. जानेवारीत तळी गोठली की त्यांच्यावरून रस्ता निघतो आणि वर्षभराचं डिझेल, पीठ, लाकूड ट्रकने येतं. त्या रस्त्यावर सगळ्यात वाईट जागा म्हणजे 'मान'. मोठं तळं तिथे आवळून चिंचोळं होतं आणि बर्फाखालून पाण्याला ओढ असते. वरून बर्फ शहाण्यासारखा दिसतो आणि पाणी त्याला खालून खात असतं. तायटस रोज सकाळी ग्रेडर, म्हणजे रस्त्यावरचं हिम सारायचं यंत्र, घेऊन तिथवर जाई, भोक पाडी, रंग बघी, आणि मग ट्रकना सोडी. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

पुढे हिवाळे बिघडले. रस्ता उशिरा उघडायचा आणि लवकर बुडायचा. तेव्हा कौन्सिलने ठरवलं की मानेवर बर्फात एक खांब रोवायचा, त्यावर डबा बसवायचा, आणि बर्फाची खबर उपग्रहामार्फत घरबसल्या मिळवायची. डबा कोणता घ्यायचा ते जेमायमाने सांगायचं होतं.

"उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा," तायटस सभेत म्हणाला. तो मागच्या बाकावर टोपी न काढता बसला होता.

जेमायमाने त्याच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. "डबे दोन तऱ्हेचे. दोन्ही उपग्रहाशीच बोलतात. फरक आहे तो कोणत्या पट्ट्यातल्या लहरींवर बोलतात याचा. खालच्या पट्ट्यातल्या लहरी लांब आणि आडदांड. हिम, झाडं, धुकं, कशाला जुमानत नाहीत. पण बोलणं तुटक. बर्फ इतका जाड, हवा इतकी थंड, संपलं. वरच्या पट्ट्यातल्या लहरी बारीक. त्यांच्यातून भरपूर जातं, फोटोसुद्धा जातो. पण मध्ये पाणी आलं की त्या तिथेच जिरतात."

"हिवाळ्यात पाणी कुठलं गं?" वस्तीचा प्रमुख, चीफ डेल्बर्ट याने विचारलं, आणि सगळे हसले.

"एकाच डब्यात दोन्ही घाला की," कोणीतरी म्हणालं.

"नाही जमत. एवढ्या थंडीत बॅटरी एकाचंच पोट भरते."

ती खालचा पट्टा सांगणार होती. मनात ठरवून आली होती. थंडर बेच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात : जीव ज्याच्यावर अवलंबून आहे तो निरोप छोटा ठेवा आणि आडदांड लहरीवर पाठवा. तेवढ्यात मागून तायटस बोलला.

"आकडा घेऊन काय करू? दोन फूट काळा आणि दोन फूट पांढरा, आकडा एकच. पांढऱ्यावर टँकर घाला आणि मग विचारा त्या आकड्याला, ड्रायव्हर कुठे गेला म्हणून." म्हातारे माना डोलावू लागले. त्याचं खोटं नव्हतं, हीच तर अडचण. मग तो तिला म्हणाला, "रंग दाखवणार असशील तर येईन मी बघायला."

जेमायमा परत येऊन सात हिवाळे झाले होते. मामाने तिच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तिचं शिक्षण त्याच्या लेखी आजारपणासारखं होतं, चौकशी न करण्याजोगं. आणि आज तो सगळ्यांसमोर येतो म्हणाला.

"वरचा पट्टा घेऊ," जेमायमा म्हणाली.

असे निर्णय असे होतात. पुढे कागदावर पाच कारणं लिहिली जातात, ती पाचही खरी असतात, आणि त्यांतलं एकही कारण नसतं.

तिने हलगर्जीपणा केला, असं मात्र कोणी म्हणू नये. जानेवारीत हाडं फोडणाऱ्या थंडीत ती स्वतः मानेवर गेली. डब्याच्या माथ्यावर उपग्रहाकडे तोंड करून असलेली, लहरी सोडणारी चपटी पाटी होती, तिच्यावर तिने फावड्याने हिम ओतलं, चांगला हातभर ढीग. फोटो आला. आणखी ओतलं, तरी आला. तायटस ग्रेडरला टेकून बघत होता. "थडगं बांधलंस की त्याचं," तो म्हणाला, "तरी बोलतोय."

जानेवारीतलं हिम पिठासारखं कोरडं असतं, लहरी त्यातून आरपार जातात. ओलं हिम आमच्याकडे एप्रिलचं, आणि एप्रिलमध्ये रस्ताच उरत नाही, मग त्याची परीक्षा घ्यायची कशाला? शहरातल्या माणसाने ही चूक केली नसती. त्याच्याकडे हिम ओलंच पडतं. ही चूक करायला आमच्यासारखं थंडीत जन्मावं लागतं.

मामा येऊ लागला. रोज सकाळी ग्रेडर काढायच्या आधी तो तिच्या खोलीत यायचा, बूट झटकायचा, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायचा. ती चहा द्यायची, तो खिशातून एल्सीमामीने फडक्यात बांधून दिलेला बॅनक, आमच्याकडची जाड रोटी, काढायचा आणि अर्धा तोडून तिच्यापुढे सरकवायचा.

"ही निळी रेघ बघ. तडा आहे, पण जुना, भरलेला."

"आणि हा पांढरा ठिपका?"

"कोल्हा मुतलाय. कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं?"

ती इतकी हसली की चहा सांडला. एकदा वाऱ्याने पाटी हलली आणि पडदा काळा झाला, तेव्हा मामा चिडला. मग तिने अशी सोय केली की नवा फोटो येईपर्यंत जुना पडद्यावर राहील. तोच फोटो दक्षिणेकडच्या डेपोत ट्रकवाल्यांनाही दिसायचा, आणि हल्ली ते तो बघूनच निघायचे. मामीने एकदा दुकानात तिला गाठून विचारलं, "काय करता गं तुम्ही दोघं तिथे? हल्ली घरी आला की तुझंच पुराण." जेमायमाला त्या दिवशी काय वाटलं ते सांगायला नको.

फेब्रुवारी संपायच्या आत हवा एकाएकी ऊबदार झाली. छपरं ठिबकू लागली, आणि रात्रभर हिम पडलं ते मऊ, जड, चिखलासारखं चिकटणारं. सकाळी जेमायमा खोलीत आली तर पडद्यावर मानेचा सुंदर काळा बर्फ चमकत होता. फोटोत हिमाचा कण नव्हता आणि खिडकीबाहेर हिम पडत होतं. फोटो कालचा आहे हे तिला किटली ठेवण्याआधीच कळलं. जाडीचा आकडाही फोटोबरोबरच यायचा, तोही कालचाच. तिने डेपोला फोन लावला. डिझेलचे तीन टँकर फोटो बघून पहाटेच निघाले होते. मानेजवळच्या टेकडीवरच्या मनोऱ्याच्या टप्प्यात आल्याशिवाय त्यांच्याशी बोलता येणार नव्हतं.

मामा त्या दिवशी चहाला थांबला नव्हता, हवा बघून थेट गेला होता. थोड्या वेळाने वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"जेमायमा, तुझा डबा आंधळा झालाय गं. थापलंय ओलं हिम पाटीवर. काठावरून दिसतंय मला."

"फोटो कालचाच आहे मामा. आकडापण."

"वाटलंच. पुसून येऊ का?"

"बर्फ कसा आहे?"

"झाकलाय सगळा. इथून काय कळणार? गिरमिट घेऊन जातो ना."

ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर तिचा फोटो होता, तिने निवडलेल्या पट्ट्यातून आलेला, आणि तो खोटं बोलत होता. तिला तो खरा व्हायला हवा होता. त्या क्षणी तिच्या मनात टँकर नव्हते आणि मामाही नव्हता, डबा होता.

"बरं," ती म्हणाली. "जपून."

"जपण्यातच जन्म गेला," मामा म्हणाला आणि वायरलेस खट्कन बंद झाला.

तिने चहा ओतून घेतला. तो प्यायच्या आधी पडदा हलला आणि नवा फोटो आला. निम्म्या फोटोत एक हातमोजा होता, मूस या थोरल्या हरणाच्या कातड्याचा, पाठीवर लाल मण्यांचं फूल. एल्सीमामीने ओवलेलं. पाटी पुसून झाल्यावर मामा खाली वाकून कॅमेऱ्याची काच पुसत होता. जेमायमा एकटीच हसली. मग तिने हातमोज्याच्या मागे, मामाच्या बुटांनी हिम सरकलं होतं तिथला रंग बघितला. करडा. कोपऱ्यात आकडा होता. कालच्या निम्माही नव्हता.

"मामा, माघारी ये. मामा, ऐकतोस ना? आल्या पावली मागे."

वायरलेस खरखरला. ती बोलतच राहिली. त्या खरखरीतून एक टँकरवाला बोलला, रॉस नावाचा, तो टप्प्यात आला होता. "मानेपाशी पोचतोय. रस्ता ठीक आहे ना?" ती म्हणाली, "थांबा. कोणीही बर्फावर येऊ नका." तिचा आवाज ऐकून त्याने पुढे काही विचारलं नाही.

मग दुसरा फोटो आला. आता पाटी स्वच्छ होती, फोटो झकास येत होते. गिरमिट बर्फावर आडवं पडलं होतं. त्याच्या पलीकडे काळा रंग होता, नितळ, पण तो बर्फ नव्हता.

माणसांनी करवतीने बर्फ कापून दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. थडग्यासाठी जमीन ऐकेना, म्हणून तिच्यावर आग पेटवली, वितळेल तेवढी खणायची, पुन्हा पेटवायची. आमच्याकडे हे काम घरच्यांनी करायचं नसतं, शेजारी करतात. घरच्यांनी बसून राहायचं. जेमायमा मामीशेजारी बसून राहिली. लोक येत, भजनं म्हणत, मूसचं कालवण ठेवून जात. तिन्ही टँकरवाले टोप्या हातात घेऊन आले. रॉस, एवढा आडवा माणूस, मामीसमोर वाकला आणि तिच्या चुलीत लाकडं सारून गेला.

चीफ डेल्बर्ट कबरीपाशी बोलला. तायटसने जीव देऊन फोटो पाठवला आणि तीन घरची चूल वाचवली, असं बोलला. हातमोज्याचा तो फोटो मोठा करून कौन्सिलच्या सभागृहात लावला गेला. एक मामीच्या घरी, टेबलाच्या वर. मामी येणाऱ्याला तो दाखवी. "माझं फूल," म्हणे. लोक फोटोला हात लावून जात. मेलेल्या माणसाचं काही चांगलं सांगता आलं की जिवंत माणसांना जेवण जातं, त्यात कोणाला दोष द्यायचा? जेमायमा मात्र मामीकडे गेली की त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. मामीला वाटे, पोरीला दुःख बघवत नाही. ती तिला अधिकच जवळ घेई.

शरद ऋतूत पुन्हा सभा भरली. आता पाचही तळ्यांवर डबे बसवायचे होते. चर्चा नव्हतीच. चीफ म्हणाला, "सगळीकडे तायटसचेच डबे. तसेच, फोटोवाले." म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामी पहिल्या रांगेत होती. तिला मुद्दाम बोलावून आणलं होतं.

"जेमायमा, तुझी सही हवी," चीफ म्हणाला.

सही केली असती तर काही बिघडलं नसतं. निदान त्या दिवशी नाही. पुढे कधीतरी ओलं हिम पडलं असतं आणि कोणीतरी पाटी पुसायला बर्फावर गेलं असतं. आता तर ते पुण्याचं काम झालं होतं. पोरं आतापासूनच खांब पुसण्याचा खेळ खेळत होती. जेमायमाने तो खेळ शाळेच्या अंगणात आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

ती उभी राहिली. "खालचा पट्टा घ्यायचा," ती म्हणाली. "फोटो नको."

"अगं, पण फोटोनेच तर..."

"फोटोने कोणाला वाचवलं नाही. टँकरना थांबा एवढंच सांगायचं होतं. ते मी फोटोशिवाय सांगितलं असतं. डबा आंधळा झाला हेच कारण पुरेसं होतं." सहीचा कागद तिने चीफपुढे परत सरकवला. "खालच्या पट्ट्याचा डबा असता तर त्या हिमातूनही आकडा आला असता. बर्फ निम्म्यावर आलाय हे मला पहाटेच कळलं असतं. मामाला मी काठावरच थांबवलं असतं. पट्टा मी निवडला. पाणी आलं की जिरतो, हे माहीत असून निवडला. आणि मामाने मला विचारलं होतं, पुसून येऊ का म्हणून. मी बरं म्हटलं."

चीफ खाली बघत होता. एल्सीमामी सावकाश मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तो उगाच गेला, म्हणतेस?"

जेमायमाने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मण्यांचं फूल अगदी स्पष्ट आलं होतं. वरच्या पट्ट्यातून बारीकसारीक छान येतं.

"हो मामी."

मामी उठली. कोणीतरी तिचा कोट घेऊन मागे धावलं. डबे खालच्या पट्ट्याचे ठरले, हात वर करून, कोणी कोणाकडे न बघता. सभागृहातला फोटो पुढच्या आठवड्यात तिथे नव्हता. कोणी काढला ते कोणी विचारलं नाही. मामीच्या घरचा आहे की नाही हे जेमायमाला ठाऊक नाही. ते दार तिच्यासाठी पुन्हा उघडलेलं नाही. दुकानात समोरासमोर आल्या तर मामी पिठाच्या पोत्यांकडे बघते. वस्तीतले लोक कामापुरतं बोलतात. खरं बोलणाऱ्याचं तोंड गोड करायची पद्धत जगात कुठेच नसावी, आमच्याकडे तर नाहीच.

आता जेमायमा रोज सकाळी वस्तीच्या रेडिओवर पाच तळ्यांचे पाच आकडे वाचते. तिच्या खोलीत दुसरी खुर्ची अजून आहे, तिच्यावर तारांची भेंडोळी असतात. आकडे वाचून झाले की कोणीतरी म्हातारा वायरलेसवर विचारतोच, "आणि रंग?" त्याचं चूक नाही. आकडा रंग सांगत नाही. म्हणून आकडा चांगला असेल त्याच दिवशी ती स्नोमोबिल काढते, गिरमिट बांधते आणि स्वतः बघायला जाते.

या वर्षीही फेब्रुवारीत ओलं हिम पडलं. ते थांबलं आणि चार दिवस कडक थंडी पडून आकडे वर चढले, तेव्हा ती मानेवर गेली. डब्यावर हातभर हिम साचून घट्ट गोठलं होतं, डब्याचा रंगसुद्धा दिसत नव्हता. तिने भोक पाडलं. आत काळा होता. तिने कमरेच्या वायरलेसवरून खोलीतल्या यंत्राला आकडा विचारला आणि यंत्राने तो सांगितला, ताजा, नुकताच आलेला, त्या सगळ्या थराखालून.

तिचा हात आपोआप वर गेला होता, पुसायला. मग तिने हात खाली घेतला, गिरमिट उचललं आणि आल्या पावली मागे फिरली.